‘एक्सपिडाइट’ म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात घरात मराठी किंवा कोकणी बोलणारा माणूस मामलेदार कार्यालयात, बँकेत, वीज खात्यात गेला की त्याच्या हाती बहुतेक वेळा इंग्रजी कागद येतो. त्या कागदावर, नाहीतर त्याने स्वतः टाइप करून घेतलेल्या अर्जावर, हा शब्द हमखास असतो. डिचोलीत अर्ज-विनंत्या लिहून देण्याचं काम करताना या एका शब्दाबद्दल लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. शब्द नीट कळला तर अर्ज नीट लिहिला जातो, आणि नीट लिहिलेल्या अर्जाने फरक पडतो हे मी रोज पाहतो.

सरळ मराठीत अर्थ काय?

काम लवकर पुरं व्हावं म्हणून ते पुढे सरकवणं, त्याला चालना देणं, मार्गी लावणं. शब्दकोशात ‘त्वरा करणे’ असं दिलेलं असतं. ते चूक नाही, पण अपुरं आहे. ‘मार्गी लावणे’ हा मला सर्वात जवळचा वाटतो, कारण काम कुठेतरी अडलं आहे किंवा अडू शकतं, हे त्यात आपोआप येतं.

स्पेलिंग ई-एक्स-पी-ई-डी-आय-टी-ई. उच्चार ‘एक्स्पिडाइट’, जोर पहिल्या ‘एक्’वर. शेवट ‘डाइट’ असा, ‘डिट’ असा नाही.

हरी, रश, हेस्ट हे शब्दही घाईचेच. मग फरक कशात?

‘हरी’ ही माणसाची घाई. बस सुटायला आली, पाय उचल, ती हरी. ‘रश’मध्ये धांदल आहे, धक्काबुक्की आहे, चतुर्थीच्या आदल्या दिवशी म्हापशाच्या बाजारात माटोळीचं सामान घ्यायला जी झुंबड उडते ती रश. ‘हेस्ट’ला बहुधा दोषाची छटा असते. ‘डन इन हेस्ट’ म्हटलं की काम उरकलं, पण विचार न करता. आपल्याकडे उतावळ्या नवऱ्याचं गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसली घाई. त्याचंच क्रियापद ‘हेसन’. त्यातला ‘टी’ उच्चारत नाहीत, आणि ‘आय हेसन टु ऍड’ म्हणजे ‘गैरसमज होण्याआधी हेही सांगतो’.

‘एक्सपिडाइट’मध्ये धांदलही नाही आणि दोषही नाही. काम त्याच पायऱ्यांनी, त्याच नियमांनी जायचं आहे, फक्त मधे पडून राहायचं नाही. म्हणून तो माणसाला लागत नाही, कामाला लागतो. ‘हरी अप, बाबू’ म्हणता येतं, ‘एक्सपिडाइट, बाबू’ म्हणत नाहीत. फाइल, अर्ज, पेमेंट, चौकशी, सुनावणी, माल पोचवणं, हे सगळं एक्सपिडाइट होऊ शकतं.

‘ऍक्सिलरेट’ म्हणजे नुसता वेग वाढवणं. चालत असलेली गोष्ट ऍक्सिलरेट होते. थांबलेल्या गोष्टीला आधी हलवावं लागतं.

हा शब्द मुळात आला कुठून?

लॅटिनमधून. ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘पेस’, त्याचं रूप ‘पेदिस’, म्हणजे पाय. ‘एक्सपेदिरे’ म्हणजे बेडीतून, गुंत्यातून पाय मोकळा करणं. संस्कृतातला ‘पाद’ आणि लॅटिनमधला ‘पेस’ एकाच मुळाचे, त्यामुळे आपला ‘पाय’ आणि इंग्रजीतला ‘पेडल’ लांबचे नातेवाईक लागतात. उलट बाजूला ‘इम्पेदिरे’, पाय अडकवणं, त्यावरून ‘इम्पीड’. रोमन सैन्याच्या जड सामानसुमानाला ‘इम्पेदिमेंता’ म्हणत, आणि ते ओझं मागे ठेवून हलक्या अंगाने निघालेल्या शिपायाला ‘एक्सपेदितुस’. मोहिमेसाठी वापरतात तो ‘एक्सपिडिशन’ याच घरातला.

हे पुरातन म्हणून नाही सांगत. अर्ज लिहिताना पाय कशात अडकला आहे हे आधी पाहायचं असतं, ते या मुळातूनच लक्षात राहतं.

आजोबांच्या पोर्तुगीज कागदांत ‘एक्सपेदिएंत’ दिसतो. तो हाच का?

कूळ तेच, काम वेगळं. पोर्तुगीजमध्ये ‘एक्सपेदिएंत’ म्हणजे बहुतेक वेळा कचेरीचं रोजचं कामकाज किंवा कामकाजाची वेळ, आणि ‘एक्सपेदिर’ म्हणजे रवाना करणं. १९६१ च्या आधीच्या कागदावर तो दिसला म्हणून ‘कुणीतरी घाई करायला सांगितली होती’ असा अर्थ काढू नका.

अर्जात तो कसा लिहायचा?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून थोडं सविस्तर.

लोक लिहून आणतात ते साधारण असं असतं: ‘रिस्पेक्टेड सर, माय मॅटर इज पेंडिंग सिन्स लाँग टाइम. काइंडली एक्सपिडाइट फास्ट ऍट द अर्लिएस्ट अँड ओब्लाइज.’ या तीन ओळींत कळकळ आहे, पण टेबलावरच्या माणसाला यातून करण्यासारखं काही मिळत नाही. कुठलं मॅटर? किती दिवस? कशासाठी अडलं? त्याला रजिस्टर उघडून शोधायला लागेल, आणि तो शोधणार नाही.

आधी घोडं कुठे पेंड खातंय ते पाहा. समजा वडील वारले आणि एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर वारसांची नावं चढवायला म्युटेशनचा (फेरफाराचा) अर्ज केला आहे. मामलेदार कार्यालयात जाऊन, आवक क्रमांक दाखवून विचारा: फाइल कुणाकडे आहे? नोटीस निघाली का? सगळ्या वारसांना पोचली का? बऱ्याचदा असं निघतं की एक भाऊ मुंबईला, त्याच्या नावाची नोटीस परत आली, आणि नवा पत्ता कुणी दिलाच नाही. आता अर्ज असा होतो:

‘माय म्युटेशन ऍप्लिकेशन, इनवर्ड नंबर अमुक, डेटेड अमुक, इज पेंडिंग फॉर सर्व्हिस ऑफ नोटीस ऑन वन लीगल एअर. हिज प्रेझेंट ऍड्रेस इज गिव्हन बिलो. आय रिक्वेस्ट यू टु इश्यू अ फ्रेश नोटीस अँड एक्सपिडाइट द प्रोसीडिंग्ज, ऍज द बँक हॅज आस्क्ड फॉर द अपडेटेड फॉर्म वन अँड फोर्टीन बाय अमुक डेट.’

इथे ‘एक्सपिडाइट’ एकदाच आला. त्याच्याआधी अडथळा सांगितला, तो दूर करायचं साधन दिलं, आणि मागून निकड सांगितली, तीही तारखेसकट. बँकेचं पत्र असेल तर त्याची झेरॉक्स जोडा. निकड खरी असेल तरच लिहा. ‘अर्जंट मेडिकल ग्राउंड’ खोटं लिहून आणणाऱ्याला मी तो अर्ज लिहून देत नाही, कारण ज्याच्या घरी खरंच कुणी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) दाखल आहे त्याच्या अर्जाची किंमत त्याने कमी होते.

आणि दुसरी प्रत शिक्का मारून घ्यायला विसरू नका. स्मरणपत्र लिहायची वेळ आली तर तो शिक्काच कामी येतो.

नेहमी होणाऱ्या चुका कुठल्या?

‘एक्सपीडिएट’ असा शब्द नाही, तरी तो खूप ठिकाणी छापलेला दिसतो. ‘एक्सपिडाइट फास्ट’, ‘एक्सपिडाइट क्विकली’ यांत तेच दोनदा होतं. ‘एक्सपिडाइट फॉर माय फाइल’मध्ये ‘फॉर’ नको. क्रियापदानंतर थेट कर्म: ‘एक्सपिडाइट माय फाइल’. ‘एक्सपिडाइट द डिले’ तर अगदीच उलटं, त्याचा अर्थ विलंबच लवकर घडवून आणा असा होतो. आणि ‘माय वर्क इज एक्सपिडाइट’ नाही, ‘इज बीइंग एक्सपिडायटेड’.

कायद्यात ‘ऍज एक्सपिडिशसली ऍज पॉसिबल’ असतं. त्याला किती दिवस धरायचे?

‘एक्सपिडिशस’ हे विशेषण, ‘एक्सपिडिशसली’ हे क्रियाविशेषण. उच्चारात जोर ‘डिश’वर. त्या शब्दात दिवस नसतात. दिवस असले तर ते त्याच्या शेजारी लिहिलेले असतात, आणि वाचायची गोम तिथेच आहे.

माहिती अधिकार कायदा, २००५, कलम ७(१) पाहा. माहिती अधिकाऱ्याने ‘ऍज एक्सपिडिशसली ऍज पॉसिबल’, आणि कोणत्याही परिस्थितीत अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत, माहिती द्यायची किंवा कारण देऊन नाकारायची. हे दोन वेगळे भाग आहेत. पहिला भाग सांगतो की माहिती हाताशी असेल तर लगेच द्या. दुसरा सांगतो की काही झालं तरी ३० दिवसांपलीकडे जाऊ नका. बऱ्याच कार्यालयांत पहिला भाग विसरला जातो आणि तिसावा दिवस हीच माहिती द्यायची तारीख समजली जाते. कायद्याने ती शेवटची हद्द म्हणून घातली आहे. एक पानाचा ठराव पंचायतीच्या कपाटात समोर असेल, तर त्यासाठी महिनाभर थांबवणं ‘एक्सपिडिशस’मध्ये बसत नाही, आणि हे तुम्ही अर्जात नम्रपणे लिहू शकता.

एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर मुदत ४८ तासांची आहे. तसं असेल तर अर्जाच्या पहिल्याच ओळीत सांगा आणि कारणही लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर नकार समजून त्याच खात्याच्या वरिष्ठांकडे पहिलं अपील करता येतं. विनाकारण उशीर केल्याचं ठरलं तर माहिती आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० पर्यंत दंड लावू शकतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही हाच शब्द आहे. तक्रार ‘ऍज एक्सपिडिशसली ऍज पॉसिबल’ निकाली काढायची, आणि समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून ३ महिन्यांत, मालाची तपासणी लागत असेल तर ५ महिन्यांत, ती संपवायचा प्रयत्न करायचा. इथे ‘प्रयत्न’ आहे, माहिती अधिकारात ‘कोणत्याही परिस्थितीत’ आहे. वजन सारखं नाही.

दाखले-परवान्यांसाठी गोव्यात २०१३ चा कालबद्ध सेवांचा कायदा आहे. त्याखाली अधिसूचित झालेल्या सेवांना दिवस ठरवून दिलेले आहेत. एक्सपिडाइटचं पत्र लिहिण्याआधी आपल्या सेवेला किती दिवस दिले आहेत ते पाहून घ्या. मुदत उलटायच्या आधी केलेली विनंती आणि उलटल्यानंतर केलेली तक्रार यांची भाषा वेगळी असते.

वकील म्हणाले, ‘हिअरिंग एक्सपिडायटेड’ असा आदेश झाला. म्हणजे पुढच्या आठवड्यात निकाल का?

नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांत ‘रूल. हिअरिंग एक्सपिडायटेड.’ ही ओळ जुनी आणि नेहमीची आहे. पणजीत १९८२ पासून असलेलं आणि २०२१ मध्ये पर्वरीच्या नव्या इमारतीत गेलेलं गोव्याचं खंडपीठ त्याच न्यायालयाचं, म्हणून ती इथेही ऐकू येते. ‘रूल’ म्हणजे याचिका अंतिम सुनावणीसाठी दाखल करून घेतली. ‘हिअरिंग एक्सपिडायटेड’ म्हणजे ती नेहमीच्या रांगेपेक्षा आधी ऐकली जावी. तारीख त्यात नाही. ती बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीत, केव्हा लागते याच्यामागे वकिलालाच राहावं लागतं.

खालच्या न्यायालयाला दिलेल्या आदेशात ‘एक्सपिडिशसली, प्रेफरेबली विदिन सिक्स मंथ्स’ असं असेल तर ‘प्रेफरेबली’ हा शब्द नीट वाचा. सहा महिन्यांत झालं तर बरं, असा त्याचा सूर आहे. ‘ऑन ऑर बिफोर’ अशी तारीख असेल तर गोष्ट पक्की. अशिलांनी आदेशाची प्रत घेऊन या दोन शब्दांखाली रेघ मारावी, म्हणजे पुढची धाकधूक पुष्कळ कमी होते.

फौजदारी खटला लवकर चालावा हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात सांगितलं. तिथे वापरला जाणारा शब्द ‘स्पीडी ट्रायल’. अर्थाने शेजारी, पण अर्जात तोच शब्द ठेवा.

मुलगा दाबोळीला विमानतळावर कामाला आहे. तो म्हणतो पायलटलाही ‘एक्सपिडाइट’ सांगतात. खरं का?

खरं. हवाई वाहतूक नियंत्रणाची भाषा जगभर ठरलेली आहे आणि तिच्यात हा शब्द आहे. ‘एक्सपिडाइट क्लाइंब’ म्हणजे नेहमीपेक्षा भराभर वर चढा, ‘एक्सपिडाइट टॅक्सी’ म्हणजे जमिनीवरून लवकर बाजूला व्हा. दाबोळीला असो वा २०२३ च्या जानेवारीपासून प्रवासी विमानं घेणाऱ्या मोपाला, शब्द तोच. मागून दुसरं विमान उतरायला आलेलं असतं आणि धावपट्टी रिकामी हवी असते. पायलट ‘एक्सपिडायटिंग’ म्हणतो. जमत नसेल तर ‘अनेबल’ म्हणतो, आणि त्यात कमीपणा नाही. ‘इमिजिएटली’ हा याहून वरचा शब्द. तो सुरक्षेसाठी त्याच क्षणी हालचाल हवी असते तेव्हाच.

मला यातलं एक फार आवडतं. ‘एक्सपिडाइट टॅक्सी’च्या ठरलेल्या वाक्याला पुढे कारण जोडायची जागा ठेवलेली आहे. आकाशात सेकंद मोजून बोलणारी माणसंही शक्य तिथे ‘लवकर करा’बरोबर ‘का’ सांगतात.

मुरगाव बंदरात ‘डिस्पॅच’ म्हणतात, तो वेगळा का?

वेगळा शब्द, पण आपल्या गोव्याच्या कामाचा. जहाज भाड्याने घेताना माल चढवायला किंवा उतरवायला ठराविक वेळ दिलेला असतो, त्याला ‘लेटाइम’ म्हणतात. त्याच्यापेक्षा जास्त लागला तर जहाजमालकाला द्यायची रक्कम म्हणजे ‘डेमरेज’. लवकर आटपलं तर मालक उलट जे बक्षीस देतो ते ‘डिस्पॅच मनी’, आणि त्याचा दर बहुतेक करारांत डेमरेजच्या निम्मा असतो. मांडवी-झुआरीतून बार्जनी आलेलं लोहखनिज मुरगावला जहाजात चढायचं तेव्हा या दोन शब्दांवर मोठमोठे हिशेब होत असत. जुन्या बार्जवाल्यांना विचारा, ते अजून तोंडपाठ सांगतील. त्या पत्रव्यवहारात ‘एक्सपिडाइट लोडिंग’ हे सर्रास असतं, पण पैसे ठरतात ते डिस्पॅचवर.

‘विथ डिस्पॅच’ म्हणजे विलंब न लावता. कुरियरवाल्याचं ‘युवर ऑर्डर इज डिस्पॅच्ड’ म्हणजे नुसतं रवाना झालं.

हॉटेलातला ‘एक्सपिडायटर’ कोण?

स्वयंपाकघर आणि वाढपी यांच्या मधे उभा राहून ऑर्डरी पुकारणारा, एका टेबलाच्या सगळ्या थाळ्या एकाच वेळी बाहेर जातील हे पाहणारा माणूस. बोटीवर नोकरीला गेलेली मुलं त्याला ‘एक्स्पो’ म्हणतात. हॉटेल मॅनेजमेंटच्या अभ्यासात त्यालाच फ्रेंच नाव आहे, ‘आब्वायर’.

तात्काळ आणि एक्सपिडाइट एकच का? जास्त पैसे भरावे लागतात का?

तात्काळ ही जाहीर केलेली, पावती मिळणारी वेगळी सोय आहे. ३६ पानी साध्या पासपोर्टला १,५०० रुपये, तात्काळसाठी त्यावर २,००० जास्त. हे पैसे सरकारी खात्यात जातात. एक्सपिडाइट ही विनंती आहे. तिला फी नाही. काही परदेशी कार्यालयं ‘एक्सपिडायटेड सर्व्हिस’ नावाने तात्काळसारखीच फी घेतात, तिथे तो सोयीचा प्रकार समजा.

पावती न देता कुणी ‘एक्सपिडाइट करायचं तर चहापाणी’ म्हणत असेल तर ती लाच आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर ७ दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवलं तरच देणाऱ्याला संरक्षण मिळतं. अडलेल्या माणसाची अडचण मला कळते. तरी त्या वाटेला जाऊ नका, वरची माहिती अधिकाराची वाट धरा. फाइल कुठल्या टेबलावर किती दिवस होती एवढंच विचारलं, तरी फाइल हलताना मी पाहिली आहे.

‘एक्सपिडियंट’ म्हणजे लवकर होणारं का?

नाही, इथे पुष्कळजण फसतात. ‘एक्सपिडियंट’ म्हणजे त्या वेळेपुरतं सोयीचं, मग ते तत्त्वाला धरून असो वा नसो. ‘पोलिटिकली एक्सपिडियंट’ म्हणजे राजकीय सोयीचा. साहेबांना ‘थँक यू फॉर युवर एक्सपिडियंट ऍक्शन’ लिहिलंत तर तुम्ही सोयीस्कर वागलात असं म्हटल्यासारखं होईल. तिथे ‘प्रॉम्प्ट ऍक्शन’ लिहा.

वरिष्ठांना ‘काइंडली एक्सपिडाइट’ लिहिलं तर उद्धट वाटतं का?

कार्यालयात सगळे लिहितात, त्यामुळे कुणी रागावणार नाही. पण नुसत्या दोन शब्दांचा मेल हुकमासारखा लागतो. ‘आय शॅल बी ग्रेटफुल इफ द मॅटर इज एक्सपिडायटेड’ हे बरं. आणि रोज तोच मेल पुन्हा पाठवू नका. नवी माहिती किंवा नवी तारीख असेल तेव्हाच लिहा.

मराठीत अर्ज केला तर या शब्दाऐवजी काय लिहू?

राजभाषा कायद्याने (१९८७) देवनागरी कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामांत मराठीचाही वापर मान्य आहे, तेव्हा मराठीत अर्ज बिनधास्त करा. ‘सदर प्रकरणी त्वरित कार्यवाही व्हावी’ हे ठरलेलं वाक्य चालतं. मला ‘वरील त्रुटी दूर करून अर्ज लवकर निकाली काढावा’ जास्त पटतं, कारण काय करायचं ते त्यात आहे. ‘तातडीने’ हा शब्द खरी तातडी असेल तेव्हासाठी राखून ठेवा. बोलताना ‘रोखडें करून दिया’ म्हटलं तरी समोरच्याला कळतंच, पण ते लेखी नोंदीत राहत नाही.

बारावीच्या मुलीला विरुद्धार्थी शब्द हवा आहे.

‘इम्पीड’ किंवा ‘हिंडर’. ‘डिले’ही चालेल. समानार्थी विचारला तर ‘हेसन’ किंवा ‘स्पीड अप’. नाम विचारलं तर ‘एक्सपिडिशन’. त्याचा ‘तत्परता’ हा अर्थ आता फारसा वापरात नाही, पण ‘विथ एक्सपिडिशन’ असं उताऱ्यात आलं तर गोंधळू नये.